धंद्याचा टॅक्स थकला तर पगार कापला जातो का? थेट वसुली कशी होते आणि ती कुठे थांबवता येते



नोकरी सांभाळून धंदा सुरू केलेल्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: धंद्याचा टॅक्स थकला तर माझ्या पगाराला हात लागतो का? सरळ उत्तर देतो. हो, लागू शकतो. पगाराला लागतो, बचत खात्याला लागतो, आणि ज्या पार्टीकडून तुमचं बिल येणं आहे, त्या पार्टीलाही सरकार पत्र पाठवू शकतं की यांचे पैसे यांना देऊ नका, आमच्याकडे भरा.

हे ऐकून घाबरायला होतं. पण हे एका रात्रीत होत नाही. आधी ऑर्डर येते, मग मागणी येते, मग मुदत जाते, मग व्याज चढतं आणि त्यानंतर वसुली येते. प्रत्येक पायरीवर बाहेर पडायला एक दार असतं आणि प्रत्येक दाराला तारीख असते. बहुतेक लोक दारापाशी पोचतात ते तारीख उलटल्यावर, कारण सगळी पत्रं ज्या ईमेलवर आणि पोर्टलवर येतात, ते त्यांनी कित्येक महिने उघडलेलंच नसतं.

म्हणून आज आपण या पायऱ्या एकेक करून बघू. आधी इन्कम टॅक्स, मग जीएसटी, आणि शेवटी वसुली सुरू झालीच असेल तर पहिल्या आठवड्यात काय करायचं ते.

धंदा वेगळा आणि मी वेगळा, असं असतं का?

तुम्ही प्रोप्रायटर असाल तर नाही. दुकानाच्या पाटीवर वेगळं नाव असेल, चालू खातं वेगळं असेल, पण पॅन एकच आहे, तुमचा. कायद्याच्या नजरेत दुकान म्हणजे तुम्हीच. त्यामुळे धंद्याची थकबाकी ही तुमचीच थकबाकी. ती पगारातून वसूल होऊ शकते आणि बचत खात्यातूनही.

भागीदारी फर्म असेल तर फर्मच्या करासाठी सगळे भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटेसुद्धा जबाबदार असतात. म्हणजे दुसऱ्या भागीदाराने टॅक्स भरला नाही, तर पूर्ण रक्कम तुमच्याकडून मागता येते. नात्यातल्या माणसाबरोबर फर्म काढताना हे लक्षात ठेवा.

प्रायव्हेट लिमिटेडमध्ये कंपनी वेगळी व्यक्ती धरली जाते, हे खरं. पण कंपनीकडून कर वसूल होत नसेल तर त्या काळातल्या संचालकांकडे येता येतं. मग आपला गंभीर निष्काळजीपणा नव्हता, हे संचालकाला दाखवून द्यावं लागतं. इन्कम टॅक्स आणि जीएसटी, दोन्ही कायद्यांत ही तरतूद आहे. तेव्हा नुसतं सही करायला म्हणून संचालक होऊ नका.

इन्कम टॅक्सची मागणी कशी चढत जाते

तुम्ही रिटर्न भरता. ते तपासून विभाग इंटिमेशन किंवा ऑर्डर काढतो. त्यात कर निघाला तर सोबत मागणीची नोटीस येते. आपण बोलताना तिला डिमांड म्हणतो.

नोटीस मिळाल्यापासून साधारण ३० दिवसांत ही रक्कम भरायची असते. हेच ३० दिवस सगळ्यात महत्त्वाचे, कारण या काळात तुमच्या हातात सगळे पर्याय असतात.

३० दिवस उलटले की दोन गोष्टी होतात. पहिली, थकलेल्या रकमेवर दर महिन्याला १ टक्का व्याज सुरू होतं. महिना अर्धवट असला तरी पूर्ण धरतात. दुसरी, तुम्ही कायद्याच्या भाषेत थकबाकीदार ठरता आणि वसुलीचं दार उघडतं. वर दंडही लागू शकतो, आणि त्याची कमाल मर्यादा थकलेल्या कराएवढी आहे. मात्र दंडाआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. योग्य कारण असेल तर दंड लागत नाही.

आकड्यात बघू. समजा डिमांड १,२०,००० रुपयांची आहे. महिन्याचं व्याज झालं १,२०० रुपये. दोन वर्षं मेल उघडला नाही, तर २४ महिन्यांचे २८,८०० रुपये नुसतं व्याज. तेवढ्यात एक चांगलं सेकंडहँड मशीन आलं असतं.

आणखी एक गोष्ट. पुढच्या वर्षी तुमचा रिफंड निघाला तर विभाग आधी कळवून तो जुन्या डिमांडमध्ये वळता करू शकतो. रिफंड का आला नाही म्हणून वाट बघत बसलेल्या कित्येकांना जुन्या डिमांडचा पत्ता तेव्हा लागतो.

पगारातून किती कापता येतं?

१९६१ च्या आयकर कायद्यात ही तरतूद कलम २२६ मध्ये आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला, त्यामुळे कलमांचे नंबर बदलले. तुमच्या पत्रावर जो नंबर छापला असेल तोच धरून चाला. रचना समजून घेणं महत्त्वाचं.

अधिकारी तुमच्या मालकाला, म्हणजे जिथे तुम्ही नोकरी करता त्या कंपनीला, लेखी कळवतो की यांच्या पगारातून अमुक थकबाकी कापून सरकारकडे भरा. पत्र मिळाल्यानंतरच्या पगारातून कपात सुरू होते. कंपनीला नाही म्हणता येत नाही. तेव्हा अकाउंट्समधल्या माणसावर चिडून काही उपयोग नाही.

पण सगळा पगार कापता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० पगाराचा जो भाग जप्तीपासून वाचवतं, तो भाग टॅक्सच्या वसुलीतही वाचतो. हिशेब असा: पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सुरक्षित. बाकीचा एक तृतीयांश कापता येतो.

समजा पगार ३१,००० रुपये आहे. १,००० बाजूला काढले, उरले ३०,०००. त्याचे दोन तृतीयांश २०,००० वाचले. कापले जाऊ शकतात १०,०००. तुमच्या हातात राहतात २१,०००. आता ३१,००० मध्ये घरभाडं, मुलांची फी आणि दुचाकीचा हप्ता बसवणाऱ्या माणसाला ते सगळं २१,००० मध्ये बसवायचंय. १,२०,००० ची डिमांड असेल तर ही ओढाताण वर्षभर चालेल, आणि व्याजामुळे तेराव्या महिन्यातही थोडी.

याच कलम ६० मध्ये आणखीही काही गोष्टी जप्तीपासून सुरक्षित आहेत: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, आणि पीपीएफ. शिंप्याचं मशीन, सुताराचा रंधा यांचा विचार कायद्याने केलेला आहे, हे माहीत असू द्या.

एक सावधगिरी मात्र हवी. हे एक तृतीयांशाचं गणित मालकाकडच्या पगाराचं आहे. पगार खात्यात जमा झाल्यावर बँकेला वेगळं पत्र आलं, तर बँक हा पगार आणि हे धंद्याचे पैसे असं वेगळं करत बसत नाही. शिल्लक अडकते. मग ती पगाराची आहे हे पासबुक आणि पगारपत्रक दाखवून अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.

बँक आणि पार्टी: धंद्याला जास्त लागतं ते इथे

पगाराची कपात घरापुरती राहते. बँकेला आणि पार्टीला गेलेलं पत्र धंद्याची अब्रू घेऊन जातं.

कायदा म्हणतो: ज्याच्याकडून तुम्हाला पैसे येणं आहेत किंवा पुढे येणार आहेत, आणि ज्याच्याकडे तुमचे पैसे ठेवलेले आहेत, अशा कोणालाही विभाग कळवू शकतो. यात बँक आली, तुमचं बिल थकवणारी कंपनी आली, तुमचा भाडेकरूसुद्धा आला. पत्राची प्रत तुम्हालाही मिळायला हवी.

पत्र मिळाल्यावर पार्टीने सरकारकडे पैसे भरले, तर तेवढ्यापुरतं तिचं तुमच्याकडचं देणं फिटलं. तुमच्या वहीत ते जमा धरा. पण पत्र मिळूनही तिने तुम्हालाच पैसे दिले, तर ती स्वतः तेवढ्या रकमेला जबाबदार ठरते. म्हणून कोणतीही मोठी कंपनी असं पत्र आलं की तुमचं पेमेंट रोखते, आणि पुढची ऑर्डर देताना दहा वेळा विचार करते.

खातं जोडीने असेल, समजा तुमचं आणि पत्नीचं, तर उलट पुरावा येईपर्यंत दोघांचे हिस्से समान धरले जातात. त्यातला तुमचा हिस्सा अडकू शकतो. खात्यातले पैसे खरोखर पत्नीच्या कमाईचे असतील तर तसा पुरावा द्या.

जीएसटीत वेग जास्त असतो

गावाकडे अजूनही सेल्स टॅक्स ऑफिस म्हणतात, पण आता सगळा व्यवहार पोर्टलवर आहे. नोटीस पोर्टलवर टाकली तरी ती बजावली असं धरता येतं. लॉगिन केल्यावर 'नोटिसेस अँड ऑर्डर्स' बघून लोक बाहेर पडतात. शेजारी 'अ‍ॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' असा दुसरा भाग असतो, तोही दर वेळी उघडा. तिथे पडून राहिलेल्या नोटिशीने अनेकांना अडचणीत आणलं आहे.

जीएसटीत थकबाकी तयार होण्याचं नेहमीचं कारण असं: बिल फाडलं, पार्टीने पैसे दिले नाहीत, पण कर तुम्हाला त्या महिन्याच्या हिशेबाने भरावा लागतो. मग माणूस जीएसटीआर-१ भरतो, म्हणजे पार्टीला क्रेडिट मिळेल, आणि पैसे नाहीत म्हणून जीएसटीआर-३बी लांबवतो. हे धोक्याचं आहे. जीएसटीआर-१ मध्ये दाखवलेला पण न भरलेला कर हा तुम्ही स्वतः कबूल केलेला कर धरला जातो. त्याच्या वसुलीला कारणे दाखवा नोटिशीचा लांबचा रस्ता लागत नाही. दोन्ही रिटर्नमध्ये ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला तर डीआरसी-०१बी येते. तिला ७ दिवसांत उत्तर द्यायचं असतं.

रिटर्न भरलंच नाही तर आधी १५ दिवसांची नोटीस येते. त्यानंतर अधिकारी स्वतःच्या अंदाजाने कर ठरवून ऑर्डर काढू शकतो. ही अंदाजाची रक्कम बहुधा खऱ्यापेक्षा फुगलेली असते. पण इथे एक चांगलं दार आहे. ऑर्डर मिळाल्यापासून ६० दिवसांत कर, व्याज आणि विलंब शुल्कासह खरं रिटर्न भरलं, तर ती ऑर्डर मागे घेतली असं धरलं जातं. जादा विलंब शुल्क भरून आणखी ६० दिवस मिळतात.

इतर ऑर्डरमधली रक्कम भरायला साधारण ३ महिने असतात. त्यानंतर कलम ७९ ची वसुली सुरू होते. बँकेला किंवा पार्टीला जे पत्र जातं त्याचा नमुना आहे डीआरसी-१३. व्याज वर्षाला १८ टक्के.

डीआरसी-२२ हे वेगळं प्रकरण आहे, गल्लत करू नका. चौकशी किंवा कारवाई चालू असतानाच महसूल बुडेल अशी शंका आली, तर त्याखाली तात्पुरती जप्ती होते. तिच्यावर डीआरसी-२२ए मध्ये हरकत घेता येते.

स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

डिमांड हातात आली की घाबरून पैसे भरू नका आणि घाबरून कागद कपाटातही टाकू नका. पत्रावरचा डीआयएन नंबर आधी आयकर पोर्टलवर तपासा. जीएसटीची नोटीस असेल तर ती तुमच्या लॉगिनमध्ये दिसते का बघा. हल्ली खोट्या नोटिसा आणि खोटे फोनही खूप येतात. एक लक्षात ठेवा: टॅक्स कधीही कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर भरला जात नाही, तो पोर्टलवरच्या चलनानेच भरायचा.

पत्र खरं निघालं, तर शांतपणे हे तीन प्रश्न.

पहिला: ही रक्कम बरोबर आहे का? पुष्कळदा नसते. चलन भरताना वर्ष चुकीचं निवडलेलं असतं. टीडीएसचं क्रेडिट जुळत नाही. आयकर पोर्टलवर 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड' मध्ये जाऊन असहमती नोंदवता येते. चलनातली चूक दुरुस्त करता येते, आणि ऑर्डरमध्ये उघड चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

टीडीएसबद्दल एक गोष्ट सगळ्या सेवा देणाऱ्यांनी वहीत लिहून ठेवा. पार्टीने तुमच्या बिलातून टीडीएस कापला, पण सरकारकडे भरलाच नाही, तर कापलेल्या रकमेपुरता कर तुमच्याकडून पुन्हा मागता येत नाही. १९६१ च्या कायद्यात हे कलम २०५ मध्ये आहे. मात्र कापला होता हे तुम्हाला दाखवावं लागेल. म्हणून बिल, पेमेंटची सूचना आणि बँक स्टेटमेंट जपून ठेवा. ५०,००० च्या बिलाचे ४५,००० आले आणि वरचे ५,००० टीडीएस म्हणून कापले, हे पार्टीच्या ईमेलमध्ये असेल तर तो ईमेल सोन्यासारखा.

दुसरा: रक्कम चूक नाही, पण निर्णय मला मान्य नाही का? मग अपील. आयकरात पहिलं अपील ३० दिवसांत करायचं, आणि त्याची फी जास्तीत जास्त १,००० रुपये. नुसतं अपील केलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. त्यात साधारणपणे वादातल्या रकमेचा काही भाग भरायला सांगतात. जीएसटीत अपीलाची मुदत ३ महिने. सबळ कारण असेल तर आणखी एक महिना मिळू शकतो. तिथे वादातल्या कराच्या १० टक्के भरून अपील दाखल केलं, की बाकीच्या रकमेची वसुली थांबते. हा फरक लक्षात ठेवा.

तिसरा: रक्कम मान्य आहे, पण आज पैसे नाहीत का? मग हप्ते मागा. यात लाज कसली? बँकेकडे मुदत मागतो तशीच इथे मागायची. आयकरात ३० दिवस संपायच्या आत अर्ज दिला तर अधिकारी मुदत वाढवून किंवा हप्ते पाडून देऊ शकतो. जीएसटीत डीआरसी-२० मध्ये अर्ज करायचा, जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मिळू शकतात. पण दोन अटी आहेत. रिटर्नमध्ये तुम्ही स्वतः दाखवलेल्या कराला ही सोय नाही. आणि एक जरी हप्ता चुकला तरी उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते.

हप्ता मागताना झेपेल तोच आकडा लिहा. साहेबांना बरं वाटावं म्हणून महिना २०,००० लिहायचे आणि तिसऱ्या महिन्यात चुकायचं, यापेक्षा १०,००० लिहून शेवटपर्यंत भरलेले बरे. अर्जासोबत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, येणं असलेल्या बिलांची यादी आणि घरखर्चाचा साधा तक्ता जोडा.

वसुली सुरू झाली असेल तर पहिला आठवडा

समजा आज सकाळी बँकेचा मेसेज आला: खात्यावर लिअन लागला. किंवा एचआरने बोलावून पत्र दाखवलं. आता क्रमाने असं करा.

१. पत्राची प्रत मिळवा. बँकेकडून किंवा कंपनीकडून. त्यात विभाग, कलम, वर्ष, रक्कम आणि अधिकाऱ्याचं कार्यालय बघा. आयकर आहे की जीएसटी हेच माहीत नसताना धावपळ करू नका.

२. पोर्टलवरून मूळ ऑर्डर उतरवून घ्या. वरचे तीन प्रश्न आताही लागू आहेत. मुदती गेल्या असल्या तरी चूक दुरुस्तीचं दार उघडं असू शकतं. अपीलाला उशीर झाला असेल तर उशीर माफीचा अर्ज करता येतो का, हे सीएला विचारा.

३. अडकलेली रक्कम आणि मागणीची रक्कम जुळवा. मागणी ८०,००० ची आणि खात्यात ३,००,००० असतील, तर लिअन मागणीपुरताच ठेवावा असं बँकेला आणि अधिकाऱ्याला लेखी द्या.

४. अधिकाऱ्याला स्वतः किंवा सीएबरोबर भेटा. जमेल तेवढी रक्कम त्या दिवशी भरून चलन सोबत न्या आणि उरलेल्याचा हप्त्यांचा लेखी प्रस्ताव द्या. खात्यातून कामगारांचे पगार जायचे असतील तर त्यांची यादी जोडून तेवढी रक्कम मोकळी करण्याची विनंती करा. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोलण्याला दुसऱ्या दिवशी काही किंमत राहत नाही.

५. ज्यांना चेक दिलेत, ज्यांचे हप्ते खात्यातून जातात, त्यांना आधी फोन करा. खातं अडकल्यावर चेक परत गेला तर नवं भांडण उभं राहतं. आधी सांगितलेलं लोक समजून घेतात.

६. पैसे भरून झाले की खातं आपोआप सुटेल असं समजू नका. अधिकाऱ्याकडून बँकेच्या नावाने वसुली मागे घेतल्याचं पत्र निघालं का, आणि बँकेने ते नोंदवलं का, याचा पाठपुरावा करा. पगाराची कपात असेल तर कंपनीलाही तसंच पत्र जायला हवं.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. घाईघाईने गाळा भावाच्या नावावर करणं किंवा पार्टीला पत्नीच्या खात्यात पैसे टाकायला सांगणं. कर चुकवण्यासाठी केलेले असे व्यवहार विभागापुरते रद्दबातल धरता येतात. एवढा वेळ तुम्ही फक्त थकबाकीदार होता, अशा व्यवहारानंतर तुमच्या हेतूवरच बोट ठेवलं जातं. मग हप्ते द्यायला कोणता अधिकारी तयार होईल?

असं पत्र तुमच्याकडे, मालक म्हणून आलं तर?

उद्या तुमच्याकडे पाच माणसं कामाला असतील, आणि त्यातल्या एकाच्या जुन्या टॅक्ससाठी तुम्हाला पत्र येईल. त्या माणसाला बाजूला बोलावून पत्राची प्रत द्या, चारचौघांत विषय काढू नका. एक तृतीयांशाचा हिशेब कागदावर करा आणि तेवढंच कापा. नेहमीचा टीडीएस वेगळा आणि ही कपात वेगळी, पगारपत्रकात दोन वेगळ्या ओळी दाखवा. कापलेले पैसे पत्रात सांगितल्याप्रमाणे वेळेवर भरा, ते गल्ल्यात फिरवू नका.

पत्र एखाद्या पुरवठादाराबद्दल असेल आणि तुम्ही त्याचं काहीच देणं लागत नसाल, तर गप्प बसू नका. देणं नाही असं विहित पद्धतीने लेखी कळवा. आयकरात ते शपथेवर द्यावं लागतं. ते खोटं निघालं तर जबाबदारी तुमच्यावर येते, म्हणून आधी खातेवही तपासा.

तहान लागण्याआधीच विहीर

शेवटी चार सवयी सांगतो. यांना पैसे लागत नाहीत.

पहिली, आयकर आणि जीएसटी पोर्टलवर स्वतःचाच मोबाइल आणि स्वतःचाच ईमेल ठेवा. नोंदणी करताना कर सल्लागाराने त्याचा नंबर टाकलेला असतो, सल्लागार बदलतो आणि नोटिसा जुन्याकडेच जात राहतात. पासवर्ड तुमच्याकडे हवा.

दुसरी, महिन्यातून एक दिवस ठरवा. दोन्ही पोर्टल उघडायची आणि वीस मिनिटांत सगळे नोटिशींचे भाग बघायचे. काही नसेल तर उत्तमच.

तिसरी, टॅक्सचं वेगळं खातं. ५०,००० च्या कामावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९,०००, पार्टीने दिले ५९,०००. त्यातले ९,००० तुमचे नाहीतच. इनपुट क्रेडिट वजा जाऊन जे भरायचं, ते त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. धंदा ५०,००० वर चालवायचा.

चौथी, जुनं फेडताना नवं थकवू नका. जुन्या डिमांडचा हप्ता भरण्यासाठी या महिन्याचं ३बी लांबवलं, तर एक खड्डा बुजवताना दुसरा खणला. आधी चालू महिन्याचा कर, मग जुना हप्ता, मग बाकीची उधारी.

टॅक्स थकणं हा गुन्हेगार असल्याचा पुरावा नाही. पार्टीने पैसे अडवले, आजारपण आलं, सीझन गेला, धंद्यात हे होतं. पण न उघडलेल्या नोटिशीवर व्याज चढतच राहतं, आणि शेवटी ते पगाराच्या पावतीवर येऊन बसतं. म्हणून हे वाचून झालं की आजच दोन्ही पोर्टलवर लॉगिन करा. पासवर्ड आठवत नसेल, तर आजचं पहिलं काम तेच. डिमांड दिसली तर तिची तारीख वहीत लिहा आणि दिवस मोजा. ३० च्या आत असाल तर सगळे पर्याय अजून तुमच्या हातात आहेत. आणि उद्या सकाळी सीएला फोन करा, परवा नको.

पुढच्या भागात बघू, थकलेली बिलं वसूल करण्यासाठी उद्यम नोंदणीचा उपयोग कसा करायचा. तोपर्यंत धंदा जपा, कागद त्याहून जपा!